आपबीती कुणाच्या नावावर?

तलाक झालेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या आणि कमी वयात बेवा झालेल्या बायकांनी एकमेकींना धरून राहावं म्हणून नांदेड आणि लातूरमध्ये छोट्या बैठका चालतात. त्यांना नाव नाही, पाटी नाही. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या शिवणक्लासात पंधरा-वीस जणी जमतात, चहा होतो, कामाचं बोलणं होतं आणि मगरिबच्या आत सगळ्या घरी जातात. या बैठकांत आता एक सूचना पुन्हा पुन्हा येते आहे. प्रत्येकीनं आपली पूर्ण आपबीती लिहावी, स्वतःच्या नावानिशी लिहावी, जमलं तर फोटोही द्यावा आणि ती लोकांपुढे आणावी.

सूचना करणारे बहुतेक जण तुमच्याच वयाचे आहेत. कॉलेजात शिकणारे, संविधान आणि शरीयत या दोन्हींवर हिरिरीनं बोलणारे. त्यांचं म्हणणं साधं आहे. लोकांना कळलंच नाही तर बदलेल कसं? आकडे कुणाला हलवत नाहीत, माणसाची गोष्ट हलवते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ही सूचना आली की ज्यांच्या गोष्टी बाहेर आणायच्या त्या बायका गप्प होतात. त्या गप्प बसण्याला अनेक जण भित्रेपणा समजतात. मला तसं वाटत नाही. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगते. आपबीती लिहिली पाहिजे, आणि ज्या ज्या बाईला लिहावंसं वाटतं तिला त्यासाठी जागा, वेळ आणि मदत मिळाली पाहिजे. पण ती नावानिशी बाहेर आणणं हा बैठकीचा कार्यक्रम होऊ नये. या दोन गोष्टी आपण एकच समजून चाललो आहोत आणि घोळ तिथंच आहे.

आधी लिहिण्याचं बघू.

बैठकीत बोलणं तुकड्यातुकड्यांनी होतं. एक विचारते, पोटगीचा अर्ज आता कुठल्या कलमाखाली करायचा. पूर्वी १२५ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेत ते १४४ झालं. दुसरी संजय गांधी निराधार योजनेच्या कागदांसाठी तहसीलला चार चकरा मारून आलेली असते. तिसरीला जहेजच्या सामानाची यादी करायची असते. कपाट, पलंग, भांडी, शिलाई मशीन. कुणाला मुलाचा शाळेचा दाखला हवा असतो आणि शाळा बापाची सही मागते. हे सगळं फार मोलाचं आहे. पण यात एखादीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी येतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ती बाहेर दहा ठिकाणी सांगतेच की. सांगते, पण कुणाच्या क्रमानं? पोलीस ठाण्यात तारीख, वेळ आणि ‘मारहाण कशानं केली’ एवढंच विचारतात. काझीसाहेब विचारतात, शब्द किती वेळा उच्चारला, रागात होता का, समोर कोण होतं. तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला मागतात. वकील लिहितो, ‘अर्जदार ही गैरअर्जदार यांची कायदेशीर विवाहित पत्नी असून’ आणि तिथून पुढं तीन पानं अशी, की त्यात तिचं स्वतःचं एक वाक्य सापडत नाही. यात कुणाची चूक नाही. प्रत्येक टेबलाला आपापलं काम असतं. पण तुझी गोष्ट कुठून सुरू होते, हे तिला कुणीच विचारलेलं नसतं. मी एकीला विचारलं. तिनं तलाकपासून सुरुवातच केली नाही. निकाहाआधी बारावीचा फॉर्म भरायचा राहिला, तिथून केली.

स्वतः लिहिताना क्रम तिचा असतो. काय आधी, काय नंतर, काय गाळायचं, हे ती ठरवते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

आणि भाषाही तिची असायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक बायका घरात दखनी बोलतात, शाळा मराठीत किंवा उर्दूत झालेली असते, आणि लिहायची वेळ आली की हात थबकतो. त्यांचं बोलणं शुद्ध मराठीत उतरवून देणारे उत्साही लोक लगेच पुढं येतात. ‘मैंइच बोली, अब नक्को’ या वाक्याचं ‘मी स्वतःहून नकार दिला’ असं होतं, आणि वाक्यातली बाईच निघून जाते. (तो ‘इच’ दखनीला मराठीच्या ‘च’नं दिला आहे. तो काढून मराठी शुद्ध करण्यात काय मिळतं?) ज्या भाषेत ती भांडली, त्या भाषेत लिहू द्या. देवनागरीत दखनी छान लिहिता येते.

इथपर्यंत फारसा वाद नाही. वाद पुढं आहे, आणि त्याच्या दोन बाजू आहेत. दोन्ही बाजूंचं दडपण त्याच बाईवर येतं.

पहिली बाजू आपली. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणणं इस्लामला मंजूर नाही, ही गीबत आहे, असं मोहल्ल्यात लगेच म्हटलं जातं. गीबत आणि तर्क-कुतर्क यांबद्दल सूरह हुजुरातमध्ये कडक ताकीद आहे, हे खरं. पण सूरह निसामध्ये १४८ वी आयतही आहे. वाईट गोष्ट उघडपणे बोलणं अल्लाहला आवडत नाही असं सांगताना तिथं एक अपवाद ठेवला आहे, आणि तो जुलूम झालेल्या माणसाचा आहे. इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये कुणाच्या पाठीमागे बोलणं कधी जायज ठरतं याचे सहा प्रसंग दिले आहेत. त्यांतला पहिला मजलूमच्या फिर्यादीचा आहे. हिंद बिन्ते उत्बा यांनी रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे तक्रार केली की नवरा अबू सुफियान कंजूष आहे, मला आणि मुलांना पुरेल एवढं देत नाही. त्यांना गप्प बसवलं गेलं नाही. रीतीप्रमाणे लागेल तेवढं त्याच्या मालातून घेण्याची परवानगी मिळाली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. आजच्या भाषेत हे पोटगीचंच प्रकरण. म्हणजे ‘तोंड उघडू नकोस’ हे दीनचं म्हणणं नाही, मोहल्ल्याचं आहे.

पण याच परंपरेत आणखी एक बारकावा आहे आणि तो तरुण मित्रमैत्रिणींच्या नजरेतून निसटतो. नववींच्या म्हणण्यानुसार मजलूमनं फिर्याद न्यावी ती हाकिमाकडे, काझीकडे किंवा ज्याच्या हातात न्याय देण्याची ताकद आहे त्याच्याकडे. जगभर कुणाहीकडे असं ते म्हणत नाहीत. ऐकणारा कोण आहे, हा प्रश्न त्यात आहे.

आणि खौला बिन्ते सालबा यांची गोष्ट तर आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. नवऱ्यानं, औस बिन सामित यांनी, रागात ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी’ असं म्हटलं. जाहिलियाच्या काळात याला जिहार म्हणत. बाई धड सुटलेलीही नाही आणि नांदतीही नाही. आपल्याकडच्या टाकलेल्या बायकांची स्थिती याहून फार वेगळी नाही. खौला रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे गेल्या आणि हुज्जत घातली. हजरत आयशा सांगतात की त्या त्याच घरात एका बाजूला होत्या, तरी खौलांचं काही बोलणं त्यांना ऐकू आलं नाही, इतक्या हळू आवाजात ते चाललं होतं. आणि मग सूरह मुजादिला उतरली. जिहारवर कफ्फारा आला: गुलाम आजाद करणं, ते नसेल तर सलग दोन महिने रोजे, तेही नसेल तर साठ गरिबांना जेवण. एका बाईच्या तक्रारीनं सगळ्यांसाठी कायदा बदलला. सूरहचं नावही हुज्जत घालणाऱ्या बाईवरून पडलं.

तिथं तिचं नाव मात्र नाही. कुरआनमध्ये तक्रार आहे, तक्रार ऐकली गेल्याची ग्वाही आहे, नवऱ्याच्या शब्दांवर निकाल आहे. खौला हे नाव आपल्याला हदीस आणि तफसीरमधून कळतं. बिननावाची तक्रार दुबळी असते, असं आता मला कुणी सांगितलं की मी सूरह मुजादिलाकडे बोट दाखवते. हिंदचं नाव घेऊन बोलणं वेगळं होतं. ती मक्केच्या सरदाराची बायको होती, तिला ते परवडत होतं.

आता दुसरी बाजू. नावानिशी, चेहऱ्यानिशी पुढं आलेल्या बायकांनी महाराष्ट्रात काय केलं ते विसरून चालणार नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा गेला. हमीद दलवाई त्यामागे होते. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा करा, अशा मागण्या होत्या. त्यांतल्या प्रत्येक मागणीशी आज तुम्ही सहमत असालच असं नाही, मीही नाही. पण सात बायका रस्त्यावर आल्या, हा आपल्या इतिहासाचा भाग आहे. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. १९८५ मध्ये मंडळानं तलाक मुक्ती मोर्चा काढला, गावोगाव तलाकपीडित बायका बोलल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना विरोधही झाला. चेहरा नसता तर या प्रश्नाची कुणी दखल घेतली नसती, हे तरुणांचं म्हणणं इथं मला मान्य आहे.

फक्त एक लक्षात घ्या. त्या बायकांच्या मागं माणसं होती. कोर्टात सोबत येणारी, रात्री घरी आसरा देणारी, नातेवाइकांना तोंड देणारी. सय्यदभाईंनी, ज्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, स्वतःच्या बहिणीच्या तलाकनंतर या कामात उडी घेतली आणि आयुष्यभर ते केलं. आज आपण एखादीला म्हणतो ‘नावानिशी लिही’, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात कोण उभं असणार आहे, ते आपण ठरवलेलं असतं का?

एका नावाचं काय होतं ते शाहबानोच्या बाबतीत सगळ्या देशानं पाहिलं. इंदूरच्या या बाईचं लग्न १९३२ मध्ये झालं, पाच मुलं झाली, १९७५ मध्ये वकील नवऱ्यानं घराबाहेर काढलं. १९७८ मध्ये तिनं पोटगी मागितली, त्याच वर्षी तलाक मिळाला. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये दिले, हायकोर्टानं १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सुप्रीम कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला. पुढचं राजकारण तुम्हाला माहीत आहे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या नावानं एक खुलं पत्र उर्दू वर्तमानपत्रात आलं. निकाल शरीयतच्या विरुद्ध आहे म्हणून तो मला नको, असं त्यात होतं. खाली तिचा अंगठा होता. त्याआधी मोठमोठी माणसं तिला भेटून गेली होती.

त्या अंगठ्यामागं काय होतं यावर चाळीस वर्षं लोक भांडत आहेत. एकाला ती श्रद्धा वाटते, दुसऱ्याला दडपण. मला त्यात वेगळंच दिसतं. सत्तरीकडे झुकलेल्या एका बाईनं महिन्याच्या खर्चाचा प्रश्न विचारला होता. तिचा निकाल कुणी मशालीसारखा नाचवला, कुणी निशाण्यासारखा वापरला, आणि तिचा स्वतःचा आवाज नेमका कुठला, हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नाही. १९९२ मध्ये ती गेली. २०२५ मध्ये तिच्या खटल्यावर आधारलेला हिंदी सिनेमा आला तेव्हा तिची मुलगी कोर्टात गेली होती. कुटुंबाला न विचारता आईचं आयुष्य दाखवलं जातंय, ही तिची तक्रार. कोर्टानं ती फेटाळली. गोष्ट एकदा बाहेर गेली की ती परत घेता येत नाही, आणि मुलांनाही घेता येत नाही.

आता हिच्या शेजारी आपल्याच भागातलं दुसरं नाव ठेवून बघा. २००२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठानं एक निकाल दिला. दगडू पठाण विरुद्ध रहीमबी. नवरा कोर्टातल्या लेखी जबाबात ‘मी हिला आधीच तलाक दिलाय’ असं म्हणाला म्हणून तलाक होत नाही; तो दिल्याचं, त्याला कारण असल्याचं आणि आधी समेटाचा प्रयत्न झाल्याचं त्यानं सिद्ध केलं पाहिजे, असं कोर्टानं सांगितलं. पोटगी चुकवायची असली की तलाकची जुनी तारीख पुढं करायची ही पळवाट त्यानं अवघड केली. नांदेड-लातूरच्या किती बायकांना या निकालाचा आधार झाला असेल याची मोजदाद नाही. आणि रहीमबी कशी होती, कुठल्या गल्लीत राहायची, हे कुणी विचारत नाही. तिची तक्रार कायद्याच्या पुस्तकात गेली आणि ती आपल्या घरी राहिली. हे मला वाईट वाटत नाही. तिची ओळख कुणी मागत नाही आणि तिचं काम मात्र रोज कोर्टात चालू आहे.

आज नाव बाहेर काढण्याची किंमत १९६६ पेक्षा वेगळी आहे. तेव्हा भीती होती ती बिरादरीची. आता बाहेर वाट बघणारे वेगळे लोक आहेत. त्यांना मुस्लिम बाईच्या दुःखाशी देणंघेणं नसतं, तिच्या नवऱ्याच्या नावात रस असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा आला. त्या कायद्याबद्दल बैठकांत एकमत नाही, पण त्या काळात सभांमधून ‘त्यांच्या बायका’ कशा बोलल्या गेल्या ते सगळ्यांना आठवतं. नवऱ्यानं टाकलेल्या बायका सगळ्या जातीधर्मांत आहेत. परित्यक्तांसाठी संगमनेरला १९८८ मध्ये परिषद झाली ती काही आपल्या मोहल्ल्यासाठी नव्हती. तरी आपल्यातली एक गोष्ट बाहेर गेली की ती एका नवऱ्याची राहत नाही, कौमची होते. आणि २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि २०२२ च्या पहिल्याच दिवशी ‘बुल्ली बाई’ नावानं काय झालं? बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम मुलींचे फोटो लिलावाला लावले. त्यांत पत्रकार होत्या, वकील होत्या, ओळखीपाळखी असलेल्या बायका होत्या. त्यांना आपली फिर्याद पुढं रेटता आली, अटका झाल्या. देगलूर नाक्याजवळ भाड्याच्या खोलीत राहून पापड लाटणाऱ्या बाईचा फोटो असा फिरला तर ती कुणाकडे जाईल?

मग नाव बदलून लिहा, असा सोपा उपाय सुचवला जातो. मुंबईत तो चालेल. अहमदपूरला, उदगीरला, कंधारला चालत नाही. ‘शबाना’ची ‘रेश्मा’ केली आणि पुढं लिहिलं की सासर लोह्याचं, नवरा ट्रकवर, तीन मुली, धाकटीच्या वेळी माहेरी पाठवलं, की अर्ध्या तासात बसस्टँडपासून मशिदीपर्यंत सगळ्यांना कळतं कोण ते. आपल्याकडे माणूस नावापेक्षा तपशिलानं ओळखला जातो. म्हणजे गाव बदलायचं, धंदा बदलायचा, मुलींची संख्या बदलायची. एवढं बदलल्यावर उरतं ते खरं असतं का? असतं. नवऱ्याचा धंदा हा तिच्या गोष्टीचा गाभा नसतो. कुठलं वाक्य कानात अजून वाजतं, पहिल्या रात्री माहेरच्यांनी कुठं झोपायला सांगितलं, ईदला मुलींना कुणी काय विचारलं, हा गाभा असतो. पण कुठला तपशील बदलायचा हे तिनंच ठरवावं. संपादन करणाऱ्यानं नाही, चळवळीच्या कार्यकर्त्यानं तर नाहीच.

कोर्टाचा मुद्दा रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. केस चालू असताना जे बाहेर लिहिलं ते समोरचा वकील उलटतपासणीत वाचून दाखवू शकतो. ‘इथं तुम्ही मार्च म्हणता, तिथं मे लिहिलंय.’ दुखावलेलं माणूस तारखा चुकतं, त्यात खोटं काही नसतं, पण कोर्टात ते खोटं दिसतं. वर बदनामीची फिर्याद नवऱ्यालाही करता येते. कुटुंब न्यायालयाच्या कायद्यात, १९८४ पासून, एका पक्षानं मागितलं तरी बंद दाराआड सुनावणी होण्याची तरतूद आहे. कायद्यानं तिला दार लावून घेण्याचा हक्क दिला आहे आणि आपण चांगल्या हेतूनं ते उघडं ठेवायला सांगतो आहोत.

आणि मुलं. आईची गोष्ट ही मुलांच्या बापाचीही गोष्ट असते. आज आठ वर्षांची असलेली मुलगी अठराव्या वर्षी तिच्या रिश्त्याच्या वेळी ती वाचणार आहे, आणि तिच्याआधी होणाऱ्या सासरचे वाचणार आहेत. ‘आम्ही का घाबरायचं, त्यानं घाबरावं’ हे वाक्य मी ऐकलंय आणि ते बरोबर आहे. फक्त ते बोलणारी बहुधा तिच्या जागी नसते.

मग करायचं काय? इद्दतची कल्पना मला इथं उपयोगी वाटते. तलाकनंतर तीन हैज, नवरा गेल्यास चार महिने दहा दिवस, पोटात मूल असेल तर बाळंतपणापर्यंत. त्यामागच्या हिकमतींवर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यांतली एक अशी की काही गोष्टी स्पष्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. आपबीतीलाही अशी इद्दत हवी. लिहायला उद्यापासून सुरुवात करावी, पण बाहेर न्यायचं की नाही हा निर्णय केस संपेपर्यंत किंवा निदान वर्षभर तरी कुणी तिच्याकडे मागू नये. वर्षानंतर ती ‘नको’ म्हणाली तर ‘नको’ हे उत्तर पुरेसं असावं, कारण विचारू नये.

तोपर्यंत बैठकीतच वाचावं. एकीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि ऐकल्यावर सल्ला देऊ नये. हे आपल्याला फार जड जातं. आपल्याकडे कुणी रडलं की आपण लगेच पाणी देतो आणि मागोमाग सल्ला देतो. पाणी पुरे.

ज्या बाईला सगळं तोलून नावानिशी पुढं यायचंच आहे, तिला अडवू नये. मेहरुन्निसा दलवाईंनी आत्मचरित्र लिहिलं, मलिका अमर शेख यांनी लिहिलं, आणि मराठीत ती पुस्तकं आहेत म्हणून आपल्यापैकी कित्येकींना बोलायचं बळ आलं. पण तिच्यामागं कोण उभं राहणार, वकील कोण, त्या आठवड्यात ती राहणार कुठं, हे आधी ठरवा. बैठक ते करू शकत नसेल तर बैठकीनं तिला पुढं ढकलू नये.

आणि चळवळीच्या लोकांना, म्हणजे आपल्याला, थोडं कडू सांगायचं आहे. या गोष्टी अहवालात, देणगी मागताना, पत्रकाराला ‘केस’ म्हणून देताना वापरायच्या नाहीत. शरीयतचा बचाव करायलाही नाही आणि शरीयतवर टीका करायलाही नाही. शाहबानोचं जे झालं ते दोन्ही बाजूंनी मिळून केलं. तुम्हाला आकडे हवेत, तर बैठकीत किती जणींना पोटगीचा आदेश झाला आणि त्यांतल्या किती जणींना पैसे खरंच मिळाले, ते मोजा. ते मोजायला कुणाचं नाव लागत नाही, आणि १० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं मुस्लिम तलाकशुदा बाईलाही फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येते असं पुन्हा स्पष्ट केल्यानंतर हे मोजणं जास्तच गरजेचं आहे. बापांनी, भावांनी, काझींनी लिहावं हेही कुणी सुचवत नाही, याचं मला नवल वाटतं. तलाकनंतर बहिणीला घरी आणायला किती दिवस लावले, ते भावानं नावानिशी लिहिलं तर बघू. त्याला नाव बाहेर गेल्याचा धोका कितीसा आहे?

राहिला एक छोटा प्रश्न, जो गेल्या वेळी लातूरला निघाला. वह्या ठेवायच्या कुठं? कुणी म्हणालं, एका कपाटात कुलूप लावून ठेवू, जबाबदार माणसाकडे किल्ली देऊ. तेव्हा कोपऱ्यातून एक खाला म्हणाल्या, “मेरी वही मेरे पासइच रहना. पढना हुआ तो लेके आती मैं.” ज्यांच्या घरी वही ठेवायला सुरक्षित जागा नाही, अशा चार जणी निघाल्या. त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.